एक हुटुक

हुटुक म्हणजे नेमकं किती, असं कुणी विचारलं की मुकादम त्या माणसाकडे असं बघत, की आपण उगाच तोंड उघडलं असं त्याला होऊन जाई. बोटभर म्हणावं तर बोट कुणाचं, हा प्रश्न उरतोच. मुकादमांची टोळी अवजड यंत्रं हलवणारी. कारखान्यातलं धूड या खोलीतून त्या खोलीत न्यायचं, जिन्यावरून उतरवायचं, अरुंद दारातून बाहेर काढायचं, हे त्यांचं काम. अशा धुडाला सगळ्यांनी मिळून एकदम जोर लावला आणि एकदम सोडला, की ते जेवढं सरकतं तो एक हुटुक. कधी करंगळीएवढा, कधी तांदळाच्या दाण्याएवढा. पण यावरून टोळीत कधी भांडण झालं नाही. "डावीकडे अर्धा हुटुक" म्हटलं की सगळ्यांच्या खांद्यांना कळायचं, आणि ज्याच्या खांद्याला कळत नसे तो टोळीत टिकत नसे.

हाकसुद्धा याच शब्दाची. "हुऽऽ" म्हटलं की सगळ्यांनी दम भरायचा, "टुक" म्हटलं की जोर लावायचा, आणि मग शांतता. पुढची हाक येईपर्यंत कुणी बोट हलवायचं नाही. त्यामुळे या टोळीत 'थांबा' असा शब्दच नव्हता. मुकादम म्हणायचे, "थांबा म्हणेपर्यंत एखाद्याचा पाय गेलेला असतो. त्यापेक्षा हाक देणारा गप्प, की सगळे थांबलेले." हाक देणाऱ्याच्या हातात एक लाल रुमाल असे. रुमाल ज्याच्या हातात, हाक त्याचीच. मग कारखान्याचा मालक बाजूला उभा राहून घसा कोरडा करो, रुमाल नसलेल्याच्या शब्दावर कुणी ढिम्म हलत नसे. आणि दुसऱ्या कुणाला हाक द्यायची असली, तर त्याने जागेवरून ओरडून भागत नसे. समोर जायचं, हात पुढे करायचा, रुमाल मागून घ्यायचा.

हा शब्द आला कुठून, यावर मात्र जेवणाच्या सुट्टीत रणं माजत. एकजण म्हणे, हा बंदरावरच्या हमालांचा शब्द. दुसरा छातीठोकपणे सांगे, की पहिल्या मुकादमाचं एक गाढव होतं, त्याचं नाव हुटुक, आणि ते एका वेळी तेवढंच चालायचं. टोळीतला सगळ्यात जुना माणूस म्हणजे पहारकाका, पण तोही आला तेव्हा हा शब्द टोळीत होताच. पहार हातात घेऊन जन्माला आल्यासारखा होता, म्हणून हे नाव. तो म्हणे, "उचकीतून आला असणार. जोर लावताना कुणालातरी उचकी लागली, आणि नेमकं तेव्हाच यंत्र हललं." सगळे हसत. मुकादम मिशीला हात लावून गप्प बसत. खरं काय ते जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, मुकादमांना आणि त्यांच्या बायकोला. आणि मुकादमांनी तिला बजावून ठेवलं होतं, की हे टोळीला कळलं तर माझी काही इज्जत राहायची नाही.

असा हा माणूस. आवाज असा, की गल्लीच्या टोकाला हाक दिली तर घरात बायको दम भरायची. बोलायला भारी हौस. कामावरून आला की हातपाय धुता धुता सुरू व्हायचा, ते जेवण होऊन झोप लागेपर्यंत. बायको म्हणायची, "अहो, श्वास घ्या मध्ये. तोंडाला पण सुट्टी द्या."

मग एका सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून गळून पडला. उचलायला वाकले ते वाकलेलेच राहिले. दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि सगळी वाचा गेलेली होती. बायको तोंडाशी वाकून म्हणाली, "अहो, पाणी देऊ का?"

मुकादमांना म्हणायचं होतं, की हो, दे, घसा सुकलाय. तोंडातून आलं, "हुटुक."

त्यांनाच कळेना हे काय झालं. पुन्हा म्हणायला गेले, पुन्हा तेच. पोराचं नाव घ्यायला गेले, हुटुक. देवाचं घ्यायला गेले, हुटुक. रागाने शिवी द्यायला गेले, तीही हुटुक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधी कधी, सगळे शब्द जातात आणि आयुष्यभर सगळ्यात जास्त वापरलेला एखादा मागे राहतो. त्यांना सगळं समजतंय, फक्त बाहेर येत नाही. बायकोने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "आयुष्यभर माझं नाव जरा जास्त घेतलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

टोळी भेटायला आली तेव्हा तर कहरच झाला. सगळे पलंगाभोवती हात बांधून, माना खाली घालून उभे. पहारकाकाने विचारलं, "मुकादम, कसं वाटतंय?" मुकादमांना सांगायचं होतं, की कसं वाटणार, मेल्यासारखं. आणि तोंडून खणखणीत आलं, "हुऽऽटुक!" झालं. सगळ्यांचे हात आपोआप पलंगाला गेले, पलंग सरकला, सलाइनची काठी आडवी झाली, शेजारच्या म्हाताऱ्याने बोंब मारली, आणि परिचारिकेने सगळ्या टोळीला जिन्यापर्यंत हाकलत नेलं. बाहेर जाऊन ते पोट धरून हसले आणि मग रडले. पहारकाका म्हणाला, "हातच ऐकत नाहीत हो. हाक आली की जातात."

घरी आल्यावर मुकादमांची खुर्ची खिडकीपाशी ठेवली. चाकांची खुर्ची, पण चाकं फिरवायला दोन हात लागतात. बायको हळूहळू हुटुकची भाषा शिकली. लांबवलेला हुटुक म्हणजे चहा. तुटका म्हणजे मोरीत न्या. नाकातला म्हणजे खिडकी लावा. पण त्याच्या पुढचं काही तिलाही कळेना. डावा हात होता, पण अक्षरंही शब्दांबरोबरच गेली होती. हातात पेन्सिल दिली की नुसत्या रेघोट्या निघत. आणि मान! मानेने तर पार दगा दिला. 'हो' म्हणायला गेलं की ती आडवी हले, 'नाही' म्हणायला गेलं की उभी. मोरीतून बाहेर काढू का विचारलं तर नाही म्हणे आणि मग तासभर आतून हुटुक हुटुक ओरडत बसे. घरातल्यांनी त्यांच्या मानेवर विश्वास ठेवणं सोडून दिलं. मुकादमांना याची लाज वाटे, आणि लाजेपेक्षा राग जास्त येई. राग आला की रडू फुटे. एवढा मिशीवाला माणूस पोरासारखा रडतोय हे बघवत नाही म्हणून बायको उगाच भांडी आपटत आत जाई.

टोळी आता पोराकडे आली होती. एकुलता एक पोरगा, खांद्याने बापाच्या वर गेलेला. काम चोख, स्वभावाने भिडस्त. हाक देताना आवाज जरा कापायचा. रोज संध्याकाळी येऊन बापाला दिवसभराचं सांगायचा. मुकादम ऐकत. कुठे चुकलं ते त्यांना सांगताच दिसे, जीभ सळसळे, आणि पोरगा म्हणे, "हो बाबा, हुटुक हुटुकच नेलं, घाई नाही केली."

त्या संध्याकाळी पोरगा उड्या मारतच आला. मोठं काम मिळालं होतं. जुन्या छापखान्यातलं मागच्या खोलीतलं छपाईचं यंत्र बाहेर काढायचं होतं. "बाबा, तेच यंत्र! तुम्ही आत नेलेलं. मी तेव्हा शाळेत पण जात नव्हतो. उद्या सकाळी मी बाहेर काढणार." मुकादमांचा चेहरा खुलला. तो छापखाना त्यांना तळहातासारखा ठाऊक होता. मग पोराने जेवणाच्या टेबलावरच कारखाना मांडला. काडेपेटी म्हणजे यंत्र. मिठाचं भांडं म्हणजे दार. उलथनं आडवं टाकलं, ती भिंत.

"ताटात कारखाने नका मांडू," बायको म्हणाली, पण हसून म्हणाली.

"हे बघा बाबा. तुम्ही भिंतीच्या कडेकडेने नेलं होतंत ना? आता तिथे नव्या मालकाने कपाटं उभी केलीत, सिमेंटात गाडलेली. म्हणून मी सरळ मधून काढतो. लांबचा फेराही वाचेल. खाली फरशी बघितली, एकदम सपाट, आरशासारखी." आणि त्याने काडेपेटी बोटाने ढकलत टेबलाच्या मधोमध आणली.



मधे हौद होता. छापखाना व्हायच्या आधी तिथे कापड रंगवायचे, आणि खोलीच्या मधोमध रंगाचा हौद होता, माणूस उभा बुडेल एवढा. उगाच नव्हतं मुकादमांनी यंत्र भिंतीच्या कडेने नेलं. नंतर कधीतरी काही कामाने ते तिथे गेले होते, तेव्हा जुना मालक त्या हौदावर फळ्या टाकून वर पातळ गिलावा करून घेत होता. वर फरशी बसवली की माणसं चालायला पुरे, म्हणाला होता. माणसं चालायला पुरेच होती. पण ते यंत्र म्हणजे माणूस नव्हे. जुना मालक मरून गेला. नव्याला ठाऊक नसणार. तेव्हाच्या टोळीतलं आता कुणी उरलं नव्हतं, पहारकाकाही त्यानंतरचा. आणि या पोराला सांगायची कधी वेळच आली नव्हती, कारण ते यंत्र पुन्हा हलेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

"तू कुठे असशील?" हे त्यांना विचारायचं होतं. "हुटुक?"

पोराने आपणहूनच सांगितलं. "ओढणारे दारापाशी, दोराला. पहारकाका मागे. आणि पुढे नळ्या घालत घालत मी." यंत्राखाली लोखंडी नळ्या घालायच्या, त्यांच्यावरून ते घरंगळतं, आणि मागची मोकळी झालेली नळी उचलून पुन्हा पुढे घालायची. ते घालणारा माणूस यंत्राच्या अगदी तोंडाशी, गुडघ्यावर बसलेला असतो. म्हणजे हौदाच्या बरोबर वर.

मुकादमांनी डावा हात लांबवून काडेपेटी भिंतीकडे ढकलली.

"तिकडून नाही जमणार बाबा, कपाटं आहेत." पोराने ती पुन्हा मधे आणली.

पुन्हा ढकलली. पुन्हा मधे. मग मुकादमांनी पाण्याची वाटी ओढली, काडेपेटीच्या वाटेत मधोमध ठेवली आणि काडेपेटी उचलून वाटीत बुडवली. याहून स्पष्ट माणसाने काय सांगायचं!

"अहो, काड्या भिजल्या की सगळ्या!" बायकोने काडेपेटी झटकन काढली आणि पदराला पुसली. "काय चाललंय हे? जेवण नकोय का?"

"हुटुक! हुटुक!" मुकादम ओरडले. पोराचा शर्ट मुठीत धरला. डोळे मोठे करून त्याच्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, वाटीवर हात आपटला, पाणी सगळीकडे उडालं. नाही, नाही, नाही, असं मानेने सांगितलं, आणि मान जोरजोरात हो हो हो अशी हलली.

 पोराचे डोळे भरून आले. "आई," तो म्हणाला, "बाबांना यायचंय. त्यांना हाक द्यायचीय."

"खरंच?" बायको म्हणाली. "अहो, जायचंय तुम्हाला?"

मुकादमांनी डोळे मिटले. असा गाढव पोरगा आपल्या पोटी यावा! आणि इतका गुणी! त्यांना त्याला एक सणसणीत वाजवावीशी वाटली आणि पोटाशी धरावंसं वाटलं, आणि दोन्हीसाठी जे हवं ते त्यांच्याकडे नव्हतं. पोरगा आत जाऊन कपाटातून लाल रुमाल घेऊन आला आणि त्यांच्या डाव्या मुठीत दिला. "उद्या तुमची हाक बाबा. तुमच्या हाकेवर माझं पहिलं मोठं काम."

तेव्हा त्यांना कळलं. उद्या पोरगा हौदावर गुडघे टेकून बसणार, आणि त्याच्या अंगावर ते धूड ओढायला सांगणारे आपणच असणार. जगातले सगळे शब्द गेले आणि उरला तो नेमका हा. 'थांबा' राहिला असता तर! पण 'थांबा' त्यांनी जन्मात कधी वापरलाच नव्हता. मग सुचलं, की गप्प बसायचं. रुमाल आपल्या हातात, हाक आपली. हाक आलीच नाही तर कोण हलतंय?

ऐकायला सोपं. पण आजारपणापासून मुकादमांचं तोंड त्यांच्या ताब्यात नव्हतं. मनात काही आलं, की दार उघडं दिसलेल्या कुत्र्यासारखा तो शब्द बाहेर पळे. म्हणून सकाळी उठल्यापासून त्यांनी ओठ घट्ट मिटले. बायकोने चहा दिला, ओठ मिटलेले. अंगात नवा सदरा घातला, ओठ मिटलेले. "आज मौन आहे वाटतं," ती म्हणाली. "बरं आहे, हाकेसाठी आवाज जपताय." तिने त्यांचे केस विंचरले, मिशी नीट केली. मुकादमांना तिला सांगायचं होतं, की तू तरी ओळख, इतक्या वर्षांत तू काय शिकलीस मग! ओठ इतके दाबले की पांढरे पडले.

छापखान्यात त्यांना दारापाशी बसवलं, दोरवाल्यांच्या मागे. टोळीतल्या एकेकाने येऊन पायाला हात लावला. पहारकाका म्हणाला, "मुकादम, आज जुने दिवस आले बघा." मागच्या खोलीची मधली भिंत पाडून एकच लांब दालन केलेलं होतं, आणि त्याच्या टोकाला ते यंत्र उभं होतं, काळंभोर, नळ्यांवर चढवलेलं, दोर बांधलेले, इतकं लांब की त्याचं तोंड हौदाच्या जागेच्या कडेशी आलेलं. आणि मधे फरशी. खरंच आरशासारखी. कुठे चीर नाही, कुठे डाग नाही. मुकादमांना क्षणभर स्वतःचीच शंका आली. डोक्यातलं बरंच काही गेलंय, हौदही आपल्याच डोक्यातला असेल तर? पण नाही. तो जुना मालक त्यांना दिसत होता, त्याच्या सदऱ्यावरचे रंगाचे डाग दिसत होते.

त्यांनी रुमाल धरलेला हात लांब करून फरशीकडे दाखवलं. खाली, खाली.

"बघा, वाट दाखवतायत," दोरवाल्यांतला एकजण कौतुकाने म्हणाला.

पोरगा यंत्रापुढे जाऊन गुडघ्यावर बसला. हातात नळी. मान वळवून बापाकडे बघून हसला. "बाबा, द्या हाक."

मुकादमांनी ओठ दाबले.

सगळे वाकलेले. दोर ताठ. पहारकाकाची पहार यंत्राखाली. कुणी हलेना.  पोरगा पुन्हा म्हणाला, "बाबा, आम्ही तयार आहोत." मुकादमांचं तोंड आतून उसळत होतं. ऊठ तिथून, ऊठ रे, असं सगळं अंग ओरडत होतं, आणि ते ओरडणं तोंडाशी येऊन त्या एकाच शब्दाचं होत होतं. त्यांनी रुमालासकट मूठ तोंडात कोंबली आणि चावून धरली. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"भरून आलंय त्यांना," कुणीतरी हळूच म्हणालं.

नव्या मालकाला काही भरून आलेलं नव्हतं. "अहो, हे काय नाटक आहे? माझी माणसं खोळंबलीत बाहेर. दुसरं कुणी नाही का ओरडायला?"

पहारकाका मात्र सरळ उभा राहिला. "मुकादम हाक अडवतायत," तो म्हणाला. "उगाच नाही अडवायचे ते. बघा रे काय राहिलंय." मुकादमांना एकदम आशा वाटली. शाब्बास म्हाताऱ्या! बघ, खाली बघ! पहारकाकाने दोराच्या गाठी बघितल्या. नळ्या बघितल्या. वर बघितलं, छताकडे. यंत्राभोवती फिरून आला. चालत चालत त्या फरशीवरूनच फिरून आला, आणि फरशीने हूं की चूं केलं नाही. माणसं चालायला पुरेच होती ती. "नाही," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे." आणि परत जागेवर जाऊन वाकला.

मुकादमांना वाटलं, आता संपलं.

पोरगा नळी खाली ठेवून उठला. मालकाला म्हणाला, "दोन मिनिटं द्या. रुमाल त्यांच्याकडे आहे. मला मागून घ्यायला हवा." आणि तो त्या फरशीवरून चालत बापाकडे यायला लागला. त्याचं एकेक पाऊल मुकादम डोळ्यांनी उचलत होते. हौदावर आला. हौदावरून पुढे आला. दोरवाल्यांच्या बाजूने आला आणि खुर्चीपुढे उकिडवा बसला. जवळून त्याचा चेहरा लहानपणी होता तसाच दिसत होता, गोल, आणि आता जरा घाबरलेला.

"बाबा, राहू दे. दमलात तुम्ही. द्या रुमाल, मी देतो हाक. कुणी काही म्हणणार नाही." आणि त्याने तळहात पुढे केला.

रुमाल दिला की हा परत जाणार. मुकादमांनी तोंडातून मूठ काढली, आणि रुमाल सोडायच्या ऐवजी पोराचं मनगटच धरलं, रुमालासकट, अंगात होता नव्हता तेवढ्या जोराने. पोरगा हळूच सोडवायला लागला. एक बोट सुटलं. दुसरं सुटलं. "जाऊ नको," मुकादमांना म्हणायचं होतं. "जाऊ नको रे बाळा, जाऊ नको." कित्येक महिने वाट शोधत असल्यासारखे ते शब्द पुढे येत होते, जिभेवर आले होते, आता येतील, आता येतीलच, असं वाटलं आणि त्यांनी तोंड उघडलं.

"हुऽऽटुक!"

आवाज कसा, तर जुना. गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

रुमाल त्यांच्याच हातात होता. हाक त्यांचीच होती. सगळ्यांच्या हातांनी ऐकलं. दोर ताणले गेले, पहार उचलली गेली, यंत्र एक हुटुक पुढे आलं, आणि त्याच्या पुढच्या टोकाखालची फरशी काही न बोलता खाली गेली. मग आवाज झाला. ते धूड तोंडावर पडल्यासारखं हौदात गेलं, दोर हातांतून सर्रकन सुटले, धूळ उठली आणि तिच्या मागून असा कुबट वास आला की मालक नाक धरून मागे सरला. कुणाला काही झालं नव्हतं. एकेकाने ओरडून एकेकाला विचारून घेतलं. धूळ खाली बसली तेव्हा खड्ड्यात यंत्राची पाठ दिसत होती, आणि तिच्याभोवती कुठल्याशा जुन्या निळ्या रंगाचा चिखल वर येत होता. पोराने खाली ठेवलेली नळी कुठेच दिसत नव्हती.

मालकाने मग जे तोंड सोडलं ते ऐकायला कुणी शुद्धीवर नव्हतं. पोरगा अजून खुर्चीपुढेच होता. खड्ड्याकडे बघत होता, मी तिथे होतो असं बघत होता. मग त्याने वळून बापाचे दोन्ही गुडघे धरले.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

मुकादमांनी हो म्हटलं. मान आडवी हलली.

"नव्हतं माहीत?"

मान उभी हलली. "हुटुक," मुकादम म्हणाले. रुमाल त्यांच्याच हातात होता, तरी या वेळी कुणी हललं नाही.

संध्याकाळी टोळी घरी आली. चहाचे कप हातात घेऊन पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिली. यंत्राचे तुकडे झाले होते, मालक उद्या काय करतो कुणास ठाऊक, टोळीला पुन्हा असं काम कोण देणार, हे सगळं होतंच. पण पहारकाका सांगत होता, "अरे, त्यांनी कसं केलं बघा! पोरगा तिथे असेपर्यंत हाक दाबून ठेवली. पोरगा बाहेर आला, मनगट धरलं, आणि मग बरोबर हाक दिली. म्हणजे आम्हाला दाखवलं, की बघा, काय होणार होतं. हा खरा मुकादम!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मुकादम खिडकीपाशी बसून ऐकत होते. त्यांना सांगायचं होतं, की नाही रे बाबांनो, मी असलं काही केलं नाही. मला हाक द्यायचीच नव्हती. माझ्या तोंडून यंत्र गेलं. आज पोरगा उठून आला नसता, आणि ओठ सुटले असते, तर मीच त्याला... हे सांगितल्याशिवाय त्यांच्या छातीवरचा दगड उतरणार नव्हता, आणि सांगायला काही नव्हतं. टोळी पाया पडून गेली. म्हणजे ही गोष्ट आता अशीच सांगितली जाणार.

पोरगा जेवला नाही. बापाच्या खुर्चीपासून थोडा लांब, जमिनीवर भिंतीला टेकून बसून राहिला. तिथूनच म्हणाला, "आई, ते दुसरंच काहीतरी सांगत होते. माझं मनगट धरलं तेव्हा. मी बघितलं त्यांच्या तोंडाकडे. हाक नव्हती ती."

बायको भांडी पुसत होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. "सांगू का हो आता?" तिने विचारलं. "टोळीला नाही सांगत. याला सांगते."

मुकादमांची मान हलली. कशीही हलली तरी ती सांगणारच होती.

"तू रांगला नाहीस," ती पोराला म्हणाली. "सगळी पोरं रांगतात, तू बसल्या जागेवरून ढुंगणावर सरकायचास. आधी गाल फुगवून दम घ्यायचास, हुऽऽ. आणि मग अंग उचलून पुढे आपटायचास, टुक. एका वेळी एवढंसं. खोलीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत, हे कामावरून आले की त्यांच्या पायापर्यंत, हुऽऽटुक, हुऽऽटुक. यांना त्याचं काय कौतुक! दारातच बसून राहायचे, तू पोचेपर्यंत चपला नाही काढायचे. आणि मग एकदा कुठलंतरी यंत्र काही केल्या हलेना, तेव्हा यांच्या तोंडून तेच निघालं. यंत्र हललं. मग तेच लागलं सगळ्यांना. एवढाले गडी तुझ्या ढुंगणावर चालतात, हे मी कुणाला सांगू नये म्हणून शपथ घातली होती."

पोरगा हसला नाही. तो बापाकडे बघत राहिला. मुकादमही त्याच्याकडे बघत राहिले. पोराच्या तोंडाला अजून खड्ड्याची धूळ होती, ओठ सुकलेले होते. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. जेवून घे, मुकादमांना म्हणायचं होतं. बाकी सगळं राहू दे, आधी दोन घास जेवून घे.

"हुटुक," ते म्हणाले.

पोराने दोन्ही तळहात जमिनीला टेकवले, गाल फुगवून दम घेतला, आणि एवढं मोठं अंग उचलून बापाकडे एवढंसं सरकला.

"हुटुक," मुकादम म्हणाले. जेव रे.

तो आणखी सरकला.